तप्रोबेन बेटावरच्या जुन्या बंगल्यात राहायचं तर: पाण्यात उतरण्यापासून परत निघेपर्यंत

तप्रोबेन बेटावर जायला पूल नाही. किनाऱ्यावर उभं राहायचं, चप्पल हातात घ्यायची आणि समुद्रात उतरायचं. पाणी कधी गुडघ्याला लागतं, कधी कमरेला, आणि लाट मोठी असेल तर त्याच्याही वर. समोर हाकेच्या अंतरावर झाडीने झाकलेला खडक आणि त्या झाडीतून डोकावणारा पांढरा बंगला. या मुक्कामाची सगळी आखणी या थोड्याशा पाण्याभोवती करावी लागते. महिना, विमान, सामान, जेवणाची वेळ, वयस्कर माणसांची सोय, सगळी. आम्ही ठाण्याहून आठ जण गेलो होतो, सोबत बहात्तर वर्षांची आई. ही एक गोष्ट नीट समजून न घेतल्यामुळे आमची पहिली रात्र हुकली. ती कशी, ते पुढे सांगते. इतक्या लांबून पैसे साठवून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाची हुकू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बेट श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ, वेलिगामाच्या उपसागरात आहे. सिंहलीत वॅलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव. थोडक्यात आपलं वाळूगाव. स्थानिक लोक या बेटाला गल्दूव म्हणतात. गल् म्हणजे दगड, दूव म्हणजे बेट, आणि हे दूव आपल्या द्वीपाचंच भावंड. ‘तप्रोबेन’ हे ग्रीकांनी अख्ख्या श्रीलंकेला दिलेलं नाव, ताम्रपर्णी या लंकेच्या जुन्या नावावरून आलेलं. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली ग्रंथात तर असंही आहे की विजय हा राजपुत्र ताम्रपर्णीला पोचण्याआधी त्याचं जहाज सुप्पारकला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला लागलं होतं. तिथे त्याच्या माणसांनी दांडगाई केली म्हणून त्यांना पुढे निघावं लागलं. विरारच्या गाडीने रोज जा-ये करणाऱ्या माझ्या भावाला ही गोष्ट विमानात सांगितली, तेव्हा त्याने खिडकीतून वाकून खालचा किनारा शोधला.

आधी घर कुणाचं ते समजून घ्या

हे हॉटेल नाही, घर आहे. एका माणसाने मन लावून बांधलेलं. मॉरिस द मॉनी-तालवांद हा फ्रेंच गृहस्थ स्वतःला काउंट म्हणवत असे. त्याचं लग्न इंग्लंडमधल्या एका अर्लच्या मुलीशी झालेलं. पुढे तो तेव्हाच्या सिलोनमध्ये येऊन राहिला. बागा आखणं आणि लाकडी सामान घडवून घेणं हे त्याचे दोन ध्यास. 1920 च्या दशकात त्याला हा खडक दिसला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने त्यावर बाग आणि बंगला उभा केला. 1941 मध्ये तो वारला आणि बेट लिलावात गेलं. 1952 च्या सुमारास पॉल बोल्स या अमेरिकन लेखकाने ते विकत घेतलं. तेव्हा बेटावर वीज नव्हती, पाण्याचीही सोय नव्हती. त्याच्या बायकोला तिथल्या वटवाघळांची इतकी धास्ती बसली की ती फार काळ टिकली नाही. त्याने मात्र आपली एक कादंबरी इथेच पुरी केली आणि काही वर्षांत बेट विकून टाकलं.

हे सगळं जाण्याआधी माहीत असावं, कारण त्यामुळे घर वाचता येतं. बंगल्याच्या मधोमध अष्टकोनी दिवाणखाना आहे, वर उंच घुमट. ह्या खोलीला आपल्या अर्थाने भिंती नाहीत. कुठेही बसा, खांबांच्या मधून समुद्र दिसतो. चारी बाजूंनी वारा आत येतो आणि संध्याकाळी त्याबरोबर खारट ओल येते. वह्या दमट होतात, मीठ पाणी सोडतं, कापसाची वात नीट पेटत नाही. जुन्या उघड्या घराचा हा स्वभाव आहे. बंद दारं आणि गार खोली हवी असेल तर किनाऱ्यावर चांगली हॉटेलं आहेत, तिथे राहावं. बंगल्याच्या दक्षिणेच्या कट्ट्यावर बसलात की समोर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. नकाशावर बोट ठेवून खाली सरकवत न्या, मध्ये काही लागत नाही. मी सगळ्यात जास्त वेळ त्या कट्ट्यावर काढला.

महिना ठरवा, तिकीट त्यानंतर

आपल्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या इथे गैरसोयीच्या आहेत. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्याआधी श्रीलंकेत पोचतो आणि मे ते सप्टेंबर दक्षिण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन मोसमांच्या मधला पाऊस असतो आणि तोही जोरदार. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. समुद्र शांत, ओलांडायला सोपं, पाणी स्वच्छ. त्यातही नाताळ आणि नववर्षाचे पंधरा दिवस सोडा, भाडं चढलेलं असतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च यातले दिवस धरा. शाळकरी मुलं असतील तर प्रजासत्ताक दिनाला जोडून रजा काढणं हाच त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग.

दोन तारखा आणखी बघून घ्या. एप्रिलच्या 13-14 तारखेला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, माणसं गावी गेलेली. आणि दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद असते. बाकी पोयाला बेटावर असणं हे भाग्यच. किनाऱ्यावरच्या विहारातून पठणाचा आवाज पाण्यावरून येतो, आणि चांदण्यात तो उपसागर बघायला मिळतो.

पाण्याचा हिशेब

हा भाग घाईने वाचू नका.

आपण मुंबई-कोकणची माणसं भरती-ओहोटी म्हटलं की हाजीअलीचा रस्ता आठवतो. भरतीला बुडाला, ओहोटीला उघडा पडला. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. वेलिगामाला तसं नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा फरक मीटरभरसुद्धा नसतो. म्हणजे ओहोटीला सगळं कोरडं होईल आणि आपण चालत जाऊ, ही आशा सोडा. त्याचबरोबर भरतीला मार्ग पुरता बंद होईल ही भीतीही सोडा. तिथे खरा फरक पाडते ती लाट. समुद्र निवांत असेल तर भरतीतही कमरेएवढ्या पाण्यातून हसतखेळत जाता येतं. लांबवरच्या वादळाची फुगवण आली असेल तर ओहोटीलाही पाय उखडतात.

आमच्या आईचं माहेर खाडीकाठचं. तिला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब तोंडपाठ: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता खरा. तिथे तो लावू नका. गॉल बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, वेलिगामाला तो जवळचा. तक्त्यावरून ओहोटीच्या आधीचा तास-दीड तास ओलांडण्यासाठी धरा, म्हणजे वाटेत खोळंबा झाला तरी पाणी उतरतंच असेल. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पोचायच्या दिवसाचा आणि निघायच्या दिवसाचा असे दोन्ही तक्ते छापून घ्या आणि बंगल्यावर आधीच कळवा.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा: पहिल्यांदा पाणी ओलांडायचं ते उजेडात. तिथे वर्षभर सूर्य पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. किनाऱ्यावर चारपर्यंत पोचा, पाचच्या पलीकडे ताणू नका.

आम्ही नेमकं इथे फसलो. ज्या मध्यस्थाकडून आरक्षण केलं होतं त्याने सांगितलं, कधीही या, माणसं न्यायला येतात. आम्ही विश्वास ठेवला, वाटेत गॉलचा किल्ला बघत रमलो आणि वाळूवर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. मिट्ट काळोख. बेटावरून दोघे जण बॅटरी घेऊन आले, छातीपर्यंत भिजलेले. त्यांनी आईकडे बघितलं, एकमेकांशी दोन शब्द बोलले आणि थोरल्याने हात जोडून सांगितलं, ‘आज अम्मांना नको, उद्या सकाळी.’ त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. आम्ही रस्त्यापलीकडच्या एका लहान पाहुणघरात तीन खोल्या घेतल्या. बेटावरच्या रात्रीचं भाडं भरलेलं होतं, आणि आम्ही खिडकीतून तिथले दिवे बघत झोपलो.

सकाळी सातला पाणी मांडीपर्यंत होतं. आईने पाचवारीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलल्या, मधून घेऊन पाठीमागे घट्ट खोचल्या, पदर कमरेला बांधला. दोन्ही बाजूंना दोन माणसं, पण तिने हात धरला तो एकाचाच. दुसरा हात तिने पाण्यावर आडवा धरला, लाट येतेय का ते बघायला. लाट आली की ती थांबायची, अंग तिरकं करायची, लाट गेली की दोन पावलं टाकायची. असं करायचं असतं हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या पायऱ्यांवर पोचल्यावर ती म्हणाली, ‘खाडी ओलांडून शाळेत जायचो की आम्ही.’ तुम्हीही तसंच करा: लाटेला छाती देऊ नका, कूस द्या, आणि लाट अंगावर असताना पाऊल उचलू नका.

आरक्षण करताना काय विचारायचं

बंगला खोली-खोलीने नाही, सगळा मिळून भाड्याने दिला जातो. पाच शयनखोल्या आहेत, म्हणजे दहा माणसं. दोघांनी घेतलं तर खर्च अवाढव्य. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतलं तर माणशी भाडं चांगल्या हॉटेलच्या आसपास येऊ शकतं. म्हणून आधी माणसं जमवा. आणि ती एकमेकांशी जुळणारी जमवा, कारण तिथून रुसून निघून जायला रस्ता नाही.

भाड्याचा आकडा आला की विचारा: जेवण धरून आहे की वेगळं? दहा टक्के सेवाशुल्क आणि अठरा टक्के मूल्यवर्धित कर यात आले का? आकडा डॉलरमध्ये असतो, हे दोन मिळवले की तो बराच फुगतो. समुद्र खवळला आणि आम्हाला पोचता आलं नाही तर त्या रात्रीच्या पैशांचं काय? हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आमच्याकडे ते नव्हतं. चालताना त्रास होणाऱ्या माणसाला खुर्चीतून उचलून नेण्याची सोय आहे का? सामान कोण नेतं? किनाऱ्यावर गाडी कुठे उभी करायची आणि ओले कपडे बदलायला जागा कुठे? वीज गेली तर जनित्र आहे का? आणि आरक्षण थेट बंगल्याच्या व्यवस्थापनाकडे करा. मध्ये माणूस असला की पाण्याची खबर तुमच्यापर्यंत पोचत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी स्पष्ट सांगते: दोन ते सहा वर्षांची धावरी मुलं असतील तर हे घर टाळा. उघडे कट्टे, दगडी पायऱ्या, तरणतलाव, खाली खडक. आई-बापाला एक क्षण चैन पडणार नाही. आठ-नऊच्या पुढची, पोहता येणारी मुलं मात्र इथे हरखून जातात.

कागदपत्रं, पैसे, प्रवास

श्रीलंकेला जाण्यासाठी भारतीयांना आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. तिचे नियम आणि शुल्क अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर जाऊन काढा. तसंच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांना पैसे देऊ नका. फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय तिथे सुरू झालं आहे, शहरांतल्या बऱ्याच दुकानांत चालतं. पण रिक्षा, शहाळी, मंदिरातली पेटी यासाठी श्रीलंकन रुपये हवेतच. ते विमानतळावर थोडे आणि बाकीचे गॉलमध्ये बदलून घ्या. घड्याळ बदलायला नको, वेळ आपलीच. प्लग मात्र बघून घ्या: बऱ्याच ठिकाणी तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश धाटणीचा असतो.

मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कातुनायकेला, कोलंबोच्या उत्तरेला. तिथून द्रुतगती मार्गाने वेलिगामा तीन-साडेतीन तास. विमान रात्री किंवा पहाटे उतरत असेल तर सरळ बेटाकडे धावू नका. बेंटोटा किंवा गॉलला एक मुक्काम करा, झोप काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी बघून निघा. वेळ असेल तर कोलंबो फोर्ट स्थानकातून किनाऱ्याकाठची रेल्वे घ्या आणि उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. कितीतरी मैल रूळ आणि समुद्र यांच्यात फक्त दगडांची रांग असते. हीच गाडी पुढे गॉलवरून वेलिगामाला थांबते. स्थानकावरून किनाऱ्यापर्यंत रिक्षा. पिकमी हे तिथलं ॲप फोनवर उतरवून ठेवा, भाड्यावरून घासाघीस करावी लागत नाही.

सामान

चाकांची मोठी बॅग आणू नका. तुमचं सामान माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून पाण्यातून जाणार आहे. मऊ, दोन बंदांच्या, दहा-बारा किलोच्या बॅगा करा. प्रत्येक बॅगेत आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी, मग कपडे. पासपोर्ट, फोन, औषधं, चष्मा हे सगळं तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत घाला आणि ती स्वतःच्या गळ्यात अडकवा, दुसऱ्याकडे देऊ नका. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. हवाई चप्पल लाटेबरोबर निघून जाते, आणि अनवाणी गेलात तर शिंपल्यांनी तळवे कापतात. गुडघ्याच्या वर येणारी चड्डी किंवा पटकन वाळणारा सुती सलवार. जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही.

शिवाय डास पळवणारं मलम. मलेरिया श्रीलंकेतून हटला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये तसं प्रमाणपत्र दिलं. डेंग्यू मात्र आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला हातपाय झाकून बसा. मोठ्यांची रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, म्हणजे एक पिशवी भिजली तरी अडत नाही.

स्वयंपाकघराशी बोला

बेटावर बाहेरून जेवण मागवणं म्हणजे कुणालातरी पुन्हा पाण्यात उतरवणं. म्हणून पहिल्याच दिवशी आचाऱ्याशी बसून सगळ्या मुक्कामाच्या जेवणाचं ठरवून टाका. बाजार सकाळी होतो, संध्याकाळी आठवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच येते.

शाकाहारी मंडळींसाठी ही सूचना सगळ्यात मोलाची. श्रीलंकेत पोल संबोलमध्ये, म्हणजे खोबऱ्याच्या लाल चटणीत, आणि साध्या भाज्यांतसुद्धा उंबलकड घालतात. ही वाळवलेल्या माशाची पूड किंवा चुरा. दिसत नाही, पण असतो. ‘व्हेज’ म्हटल्यावर समोरचा मान डोलावतो आणि तरी उंबलकड पडतं, कारण त्याच्या लेखी तो मासा नसून मसाला असतो. तेव्हा नाव घेऊन सांगा: ‘मम मस् मालु कन्ने नॅ, उंबलकड नॅतुव.’ मांस-मासे खात नाही, उंबलकडीशिवाय द्या. एवढं वाक्य माझ्या वहिनीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

मासे खाणाऱ्यांनी थोरा मागावा, म्हणजे आपली सुरमई. इस्सो म्हणजे कोळंबी. दक्षिणेचा खास पदार्थ अंबुल तियल: माशाचे तुकडे गोरका नावाच्या आंबट फळाच्या काळ्या लेपात कोरडे शिजवलेले. गोरका हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. आईने वाळलेल्या गोरक्याची फाक हातात घेतली, नाकाशी नेली आणि आचाऱ्याला खुणेने विचारलं, आमसूल? त्याने तिला डबा उघडून दिला. मग दोघं चुलीपाशी बराच वेळ होते, ती मराठीत आणि तो सिंहलीत. त्या दुपारी जे सार झालं तसं मी घरीसुद्धा प्यायलेले नाही. जेवणानंतर मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही, मी किरी, त्यावर कितुल माडाच्या रसाची काकवी. एवढ्यासाठी पोटात जागा ठेवा.

दिवस कसे घालवायचे

तीन रात्री हा माझा हिशेब. एका रात्रीत फक्त ओले कपडे वाळतात. तीन रात्रींत पहिला दिवस बेटावरच काढा. दुसऱ्या दिवशी एकदाच बाहेर पडा, सकाळच्या ओहोटीला निघून दुपारी परत. तिसरा पुन्हा बेटावर. दिवसाला दोन-तीन ठिकाणं असा कार्यक्रम लावाल तर इतके पैसे भरून घर बघायचंच राहून जाईल.

बाहेर पडलात तर गावातच पश्चिमेला कुष्टराजगल आहे: एका मोठ्या खडकात कोरलेली, मुकुट घातलेली उभी बोधिसत्त्वाची मूर्ती. एका राजाचा कुष्ठरोग इथे शहाळ्याच्या पाण्याने बरा झाला अशी कथा सांगतात. अर्धा तास पुरतो आणि गर्दी नसते. वेलिगामाच्या बायका बीरळू नावाची लेस विणतात. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी कांड्यांना गुंडाळलेले दोरे फिरवून. ही कला पोर्तुगीज काळापासूनची. विकत घेणार असाल तर विणणारीकडूनच घ्या. मिरिस्साहून डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे बघायला होड्या जातात. होडी भल्या पहाटे सुटते, म्हणजे बेटावरून अंधारात ओलांडावं लागेल. तेव्हा देवमासे पाहायचेच असतील तर ते बेटाच्या आधीच्या किंवा नंतरच्या मुक्कामात पाहा.

घरबसल्या बघायलाही पुष्कळ आहे. सकाळी कोळ्यांच्या ओरुव नावाच्या होड्या बेटाजवळून जातात, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सावरणारं लाकूड बांधलेल्या, आपल्या कोकणातल्या जुन्या होड्यांसारख्याच. हात केलात तर हात करतात. ड्रोन उडवायची इच्छा असेल तर तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी आधी लागते, ती नसेल तर ड्रोन घरीच ठेवा.

एक खरं सांगायला हवं. छायाचित्रांत हे बेट जगापासून तुटलेलं दिसतं, तसं ते नाही. समोरच्या किनाऱ्यावर लाटांवर फळ्या घेऊन शिकणाऱ्यांची दिवसभर वर्दळ, त्यामागे मुख्य रस्ता, बसचे भोंगे. कुणी कुणी पाण्यातून चालत फाटकापर्यंत येऊन फोटो काढून जातात. उत्तरेच्या बाजूला बसलात तर हे सगळं जाणवतं, दक्षिणेला बसलात तर फक्त समुद्र ऐकू येतो. खोल्या वाटताना झोपमोड होणाऱ्यांना दक्षिणेकडच्या द्या.

जपून

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, त्सुनामी आली त्या क्षणी, वॉशिंग्टन पोस्टचे पत्रकार मायकेल डॉब्ज याच बेटाभोवती पोहत होते. ते वाचले आणि त्यांनी तो अनुभव लिहिला. समोरच्या किनाऱ्यावर मात्र हाहाकार झाला. खडकावर उंच असल्यामुळे बंगला टिकला. म्हणून पोचल्या दिवशी चहा पिता पिता बंगल्यावरच्या माणसांना विचारून ठेवा: तशी वेळ आली तर कुठे जमायचं? पाणी एकाएकी मागे हटताना दिसलं तर बघायला खाली उतरू नका, किनाऱ्याकडेही धावू नका, बेटाच्या वरच्या भागात जा.

रोजच्या काळजीत महत्त्वाचं एवढंच. खडकांच्या बाजूने समुद्रात उतरू नका, किनाऱ्याच्या बाजूलाच पोहा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर कठडा धरा. मद्य घेतलं असेल तर त्या रात्री पाणी ओलांडू नका. तिथली मोफत रुग्णवाहिका 1990 या क्रमांकावर येते. ती सेवा 2016 मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. मोठी रुग्णालयं मातरा आणि गॉलला आहेत. हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पाण्यातून परत यावं लागणार आहे हेही त्यांना सांगा.

निघताना

हिशेब आदल्या रात्री मिटवा. बक्षिसी एका पाकिटात घालून सगळ्यांसाठी मिळून द्या. तुमचं सामान खांद्यावर घेऊन पाण्यात उतरणारा, पहाटे बाजार आणणारा आणि भांडी घासणारी बाई, तिघांचा वाटा त्यात असायला हवा. ‘इस्तुती’ म्हणा, त्यांच्या भाषेतलं धन्यवाद. अंगावर ओलांडायचे कपडे घाला आणि कोरडा जोड सगळ्यात वरच्या पिशवीत ठेवा, तळाशी नको, नाहीतर वाळूवर सगळ्या बॅगा उपसाव्या लागतात. दोन मोठ्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी रिकाम्या ठेवा. विमान असेल तर ओलांडण्याची वेळ आणि विमानाची वेळ यात किमान नऊ तास सोडा.

आम्ही निघालो त्या सकाळी पाणी जेमतेम गुडघ्याला होतं. आईला न्यायला तोच थोरला माणूस आला होता, ज्याने पहिल्या रात्री हात जोडले होते. तिने निऱ्या खोचल्या आणि या वेळी त्याचा हात धरला नाही. वाळूवर येऊन तिने पदराचं टोक पिळलं, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोरक्याची पुडी काढली आणि ती कोरडी आहे ना ते उघडून पाहिलं.